बूलेच्या न्यूटन-स्मारकाची हाताने रंगवलेली प्रत: कुणाकडून आणि कशी करून घ्यावी?

पायाखोदाई
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत एक भिंत रिकामी आहे. तिथे फ्रेंच वास्तुविशारद एतिएन-लुई बूलेचं न्यूटनचं स्मारक (१७८४) लावायचंय, म्हणजे कधी बांधलंच न गेलेल्या त्या इमारतीचं चित्र. तेच ते, अवाढव्य गोल आणि भोवती सुरूच्या झाडांच्या रांगा. प्रिंट नको, हातानेच काढलेलं हवं. ऑनलाइन रिप्रॉडक्शन करणाऱ्या एकांशी बोललो. ते कॅनव्हासवर तैलरंगात पाच फुटी करून देतो म्हणतात. नमुन्याच्या फोटोत आकाश गडद निळं आहे आणि गोलावर सोनेरी झाक. बघायला झकास, पण काहीतरी खटकतंय. बजेट चाळीस हजारांच्या आत. कुणी असं काम करून घेतलंय का?

शाईदौत
खटकतंय ते बरोबरच आहे. मूळ काम कॅनव्हासवरचं नाहीच. कागदावर शाई आणि वॉश (पाण्याने पातळ केलेल्या शाईचे हात), करड्या-तपकिरी छटांचा खेळ. निळं आकाश त्या चित्रकाराच्या पदरचं. आकारही अंदाजे ४० बाय ६५ सेंटिमीटर, म्हणजे मांडीवर मावेल असा. पाच फुटी केलंत की पातळ वॉशची सगळी मजा जाते आणि हॉटेलच्या लॉबीतलं चित्र उरतं.

तैलरंगवाल्याला नमस्कार करा आणि आर्किटेक्चरल रेंडरिंग, म्हणजे इमारतींची छायाप्रकाशासह चित्रं, हाताने करणारा माणूस शोधा. वास्तुकलेच्या कॉलेजांत एकेकाळी क्लासिकल ऑर्डर्सच्या (ग्रीक-रोमन खांबांच्या ठरलेल्या शैलींच्या) शीट्स वॉशमध्ये करून घेत. त्या पिढीतले निवृत्त शिक्षक अजून हात राखून आहेत. कॉलेजात जाऊन विचारलंत तर एखादं नाव नक्की मिळेल.

टी_स्क्वेअर
उगाच खर्च. गॅलिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात, ही चित्रं आहेत. स्वतःपुरतं उतरवून घ्या, चांगल्या कॉटन पेपरवर प्रिंट काढा. मुळाशी जास्त इमानदार तीच राहील.

शाईदौत
@टी_स्क्वेअर, इमानदार राहील, मान्य. पण त्यांनी मागितलंय हाताचं. आणि बूलेच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. गडी मुळात चित्रकार व्हायला निघालेला, बापाने वास्तुकलेत घातला. पुढे आपल्या वास्तुकलेवरच्या निबंधाच्या आरंभी त्याने ‘मीही चित्रकार आहे’ हे इटालियन चित्रकार कोरेज्जोच्या नावावर चालत आलेलं वाक्य टाकलं. असल्या इमारती बांधल्या जाणार नाहीत हे त्याला ठाऊक असणारच. म्हणजे कागदावरचा वॉश हीच त्याची इमारत.

आता माणूस कसा पारखायचा ते. पूर्ण चित्राचा करार आधी करू नका. नुसता गोल पोस्टकार्डाएवढा काढून मागा, पैसे देऊन. उजेडाच्या ठिकाणापासून सावलीपर्यंत छटा कुठेही पट्टा न पडता सरकली पाहिजे. सर्वांत गडद भाग अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो, कारण कडेला परावर्तित उजेड लागतो. कड काळीकुट्ट केली की गोलाची थाळी झालीच म्हणून समजा.

कागद हॉटप्रेस (गुळगुळीत), ३०० जीएसएम, ओला करून बोर्डावर गमटेपने ताणलेला. शाई कांडी उगाळून केलेली. बाटलीतल्या वॉटरप्रूफ शाईत बहुधा लाख असते, तिच्या कडा चटकन बसतात आणि मग हलत नाहीत. पातळ थरांवर थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. पावसाळ्यात काम दिलंत तर घाई करू नका.

गवंडीण
मला वाटतं तुम्ही शीट चुकीची निवडताय! बाहेरून दिसणारा गोल सगळेच लावतात. त्याचे छेद बघा, म्हणजे इमारत मधोमध कापली तर आत काय दिसेल ती चित्रं. एकात बाहेर दिवस आणि आत रात्र: कवचाला पाडलेल्या छिद्रांतून येणारा उजेड ताऱ्यांसारखा दिसतो. दुसऱ्यात बाहेर रात्र आणि आत मधोमध टांगलेल्या खगोल-यंत्राचा प्रकाश. दोन्हींत तळाशी न्यूटनची समाधी, चिमुकली. ती सापडली की अंगावर काटा येतो. गोलाचा व्यास दीडशे मीटर धरलाय. विजापूरच्या गोलघुमटाचा घुमट ४४ मीटरचा, आता करा हिशोब.

मी असते तर दोन्ही छेद मूळ आकारात शेजारी शेजारी लावले असते.

टी_स्क्वेअर
छेदांची कल्पना भारी. एकच सांगतो, दोन्ही शीट एकाच माणसाने, एकाच बैठकीतल्या शाईने केलेल्या पाहिजेत. नाहीतर एक करडी आणि एक तपकिरी होऊन बसते. (प्रिंटचा मुद्दा मागे घेतलेला नाही!)

पायाखोदाई
@गवंडीण ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. छेदच करतो. पण बायकोचं म्हणणं, दोन्ही करडी कशाला, एखादं रंगीत असू दे. बूलेच्याच काळातला फ्रेंच वास्तुविशारद लदू, त्याचं डोळ्यातलं नाट्यगृह चालेल का?

शाईदौत
लदूचं ते बुबुळात बेझाँसोंचं नाट्यगृह दिसणारं चित्र कोरीवकामाचा छाप आहे. त्याच्या रेषा ब्रशने रंगवणं म्हणजे घाम काढणं, आणि हाती काही येत नाही. त्याचा जुना छाप मिळाला तर बघा. रंग हवाच तर लकू, तोही त्याच काळातला फ्रेंच वास्तुविशारद. त्याच्या शीट्सवर वॉशमध्ये खरंच रंग आहेत, समासात बारीक अक्षरांत टिपा आहेत, आणि गाईच्या आकाराचा गोठासुद्धा आहे. वहिनींना तो दाखवा. मीटिंगमध्ये क्लायंट काय म्हणतील ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

कोकणी_गच्ची
फ्रेमबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे दमटपणाने कागदावर बुरशीचे ठिपके पडतात, ते वॉशवर फार उठून दिसतात. आम्लमुक्त माउंट घ्या, काच आणि कागदात फट ठेवा, मागची बाजू नीट बंद करून घ्या. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगूच नका, आतल्या पार्टिशनवर लावा. थेट ऊन लागणार असेल तर यूव्ही गाळणारी काच. फ्रेमवाला ‘हार्डबोर्ड चालतो हो’ म्हणेल. चालत नाही.

पायाखोदाई
भिंत बाहेरचीच आहे, पश्चिमेची. म्हणजे समोरची आतली घ्यावी लागणार. एका निवृत्त सरांचा नंबर मिळालाय, सोमवारी पोस्टकार्डाच्या गोलाचं बोलतो. प्रतीवर सही कुणाची?

गवंडीण
सरांचीच, पण मागच्या बाजूला, पेन्सिलने. ‘बूलेवरून’ असं लिहून वर्ष टाकायला सांगा. पुढच्या बाजूला काही नको.