बीटा आवृत्त्या तपासण्याचे अनुभव: विदर्भातल्या लिनक्सवाल्यांनो, इथं लिहा

उबुंटू या लिनक्स कार्यप्रणालीची नवी आवृत्ती दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. त्याआधी काही आठवडे बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघतो, आणि बीटाच्याही आधीपासून रोज एक नवी ‘डेली’ आयएसओ (मशीनवर बसवायची पूर्ण फाइल) तयार होत असते. डेबियन आणि फेडोरा ही लिनक्सची आणखी दोन रूपं; डेबियनचं टेस्टिंग आणि सिड, फेडोराचं रॉहाइड या त्यांच्या चाचणीच्या आवृत्त्या तर बारमाही. कोणीही उतरवून घ्यावं, आपल्या मशीनवर चालवावं, बिघडलं ते कळवावं. पगार नाही, पण कोणाची परवानगीही लागत नाही.

हे काम करणारे बहुतेक जण मोठ्या शहरांत बसलेले असतात. त्यांची मशीन नवी, नेट पक्कं, लाईट सहसा जात नाही. आपल्याकडं तालुक्याच्या गावात दहा-बारा वर्षं जुनी मशीन रोजच्या कामाला आहेत, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं, आणि वादळ उठलं की लाईटचा भरवसा नाही. या मशीनवर काय बिघडतं ते आपणच सांगितलं नाही तर कोणाला कळायचं कसं? म्हणून हा धागा. मशीन कोणतं, काय बिघडलं, कळवल्यावर पुढं काय झालं, एवढं तरी जरूर लिहा. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो.

कारंजा लाडला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट (कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि दुकानात येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये ते नसतं. गिऱ्हाइकाला नवं मशीन घे म्हणायची माझी इच्छा होत नाही; कापसाचे पैसे हातात पडेपर्यंत तो कुठून घेणार? म्हणून मी डेबियन घालून देतो, आणि म्हणूनच पुढचं डेबियन आधी स्वतः तपासतो.

डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. ते फ्रीझमध्ये (नवे बदल थांबवून फक्त दुरुस्त्या चालतात त्या काळात) असतानाच मी दुकानातल्या एका कोअर टू ड्युओवर, २ जीबी रॅमवर, १२ वरून १३ वर अपग्रेड करून पाहिलं. अपग्रेड बिनबोभाट झालं. मग रोजचं काम लावलं. एका सेतूवाल्या भाऊंची जुनी कागदपत्रं स्कॅन करून एकच मोठी पीडीएफ करायची होती. मध्येच संदेश आला की जागा शिल्लक नाही. डिस्क पाहतो तर अर्ध्याहून जास्त रिकामी!

कारण असं निघालं: डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फायलींचा टीएमपी फोल्डर डिस्कवर न राहता रॅममध्ये राहतो, आणि तो रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढू शकतो. १६ जीबीवाल्याला हे कधी जाणवणारही नाही. २ जीबीवाल्याच्या हाती एक जीबी येतो, आणि त्याच रॅममध्ये ब्राउझरही उघडा असतो. हा बग नव्हता, ठरवून केलेला बदल होता, रिलीज नोट्समध्ये उपायही दिलेला आहे: टीएमपी डॉट माउंट मास्क करायचं (म्हणजे ही सोय बंद करायची) आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. पण रिलीज नोट्स वाचून कोणता सेतूवाला काम करतो? आता २ ते ४ जीबीच्या प्रत्येक मशीनवर मी हे आधीच करून देतो.

दुसरी गोष्ट ३२-बिटची. डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (यंत्रणेचा गाभा) नाही. ३२-बिट ॲटम प्रोसेसरवाली जुनी नेटबुकं ज्यांच्याकडं आहेत त्यांनी १२ वरच थांबावं. हे मला आवृत्ती येण्याच्या आधी माहीत होतं, म्हणून गिऱ्हाइकांना वेळेत सांगता आलं.

जि. प. शाळेतली शिक्षिका, घाटंजी तालुका

दादा, धागा काढला ते फार बरं केलं. मी तंत्रज्ञ नाही. शाळेत दान मिळालेले संगणक आहेत, त्यांवर उबुंटू आहे. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे एप्रिलची आवृत्ती आली की उन्हाळ्याच्या सुट्टीत ती निवांत पाहता येते. मी फक्त एकच गोष्ट तपासते, ती म्हणजे मराठी.

माझ्याकडं शब्दांची एक फाइल आहे. पऱ्हाटी, वऱ्हाड, दऱ्या, ज्ञानेश्वरी, हृदय, शृंगार, क्लृप्ती, ट्रॅक्टर, ऑगस्ट. प्रत्येक नव्या आवृत्तीत ही फाइल रायटरमध्ये (लिहिण्याचा प्रोग्रॅम), ब्राउझरमध्ये, फाइलच्या नावात आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून पाहते. रायटरमध्ये सहसा सगळं ठीक असतं. टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलतीकडं जाते. एकदा डेली आयएसओमध्ये इन्स्टॉलरची भाषा मराठी केली, तर बटनावरचं वाक्य अर्धंच दिसत होतं, कारण मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांब आणि चौकट इंग्रजीच्या मापाची. पडद्याचा फोटो काढून लाँचपॅडवर (उबुंटूचे बग कळवायची साइट) कळवलं. दुसऱ्या कोणीतरी ‘मलाही हाच त्रास’ म्हणून खूण केली, आणि पुढच्या एका डेलीत बटन रुंद झालेलं दिसलं. मला मनापासून आनंद झाला. ती आयएसओ जगभर जाणार होती!

अजून एक अडचण सांगते, ती अजून सुटलेली नाही. ‘पऱ्हाटी’मधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. मुलांनी गावच्या पिकांची यादी केली होती, त्यात शोध घेताना ‘पऱ्हाटी’ काही ओळींत सापडली आणि काहींत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या बीटात मी हे करून बघते. मराठी लिहिणाऱ्याशिवाय हे कोण बघणार?

आणि भाषांतरं वाचा हो, प्लीज. ऑक्टोबर २०२३ मध्ये उबुंटू २३.१० बाहेर पडल्यावर काही तासांतच डेस्कटॉपची आयएसओ मागं घ्यावी लागली होती. इन्स्टॉलरच्या युक्रेनियन भाषांतरात कोणीतरी द्वेषाचा मजकूर घुसवला होता. बीटात युक्रेनियन वाचणाऱ्या कोणी ती पानं उघडली असती तर आधीच सापडला असता. मराठीत असं काही घडू नये म्हणून तरी कोणीतरी सगळी पानं वाचायलाच हवीत.

शेतकरी, अकोट तालुका

ताई, तुमची शब्दायची फाइल मले पाठवा, मीबी लावून पाह्यतो.

माहं काम वेगळं हाये. मी फेडोराचा बीटा चालवतो, अन् लाईट जाते तवा काय होते ते पाह्यतो. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेली, म्हणून लाईट गेली का मशीन तिथंच बंद. अपडेट सुरू असताना बंद पडलं तर पुन्हा उठते का नाही, हे पाह्यनं लय गरजेचं हाये. शहरातल्या माणसाच्या डोक्यात हे येणारच नाही. फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली ठेवाची पद्धत) येते. लाईट गेल्यावर फायली शाबूत राह्यतात, हा माहा अनुभव हाये. पण अर्धवट राह्यलेलं अपडेट आपल्यालेच नीट करा लागते. डेबियन-उबुंटूवाल्यायनं डीपीकेजी कॉन्फिगर हे कमांड पाठ करून ठेवा, अर्धवट राह्यलेलं पुरं कराले तेच कामाले येते.

एका बीटात अशी लाईट गेली अन् पुन्हा सुरू केलं तर बूटच्या यादीत नवं कर्नल दिसे, पण त्याची फाइल अर्धीच. जुन्या कर्नलवर गेलो, लॉग काढला, बगझिलावर (फेडोराचे बग कळवाची साइट) टाकला. इंग्रजी मोडकंतोडकं लिहिलं. समोरच्यानं अगदी इज्जतीनं विचारलं का कोणत्या मिनिटाले लाईट गेली, ते लॉगमधून पाहून सांगता का. मी सांगतलं. कोणीच माह्या इंग्रजीले काही म्हणलं नाही. म्हणून सांगून राह्यलो, इंग्रजीपायी मांगं राहू नका.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, गाव ब्रह्मपुरीजवळ

डेटा पुरत नाही म्हणून कोणी थांबलं असेल तर झेडसिंक वापरा. उबुंटूची डेली आयएसओ काही जीबींची असते, रोज पूर्ण उतरवणं हॉटस्पॉटवर शक्यच नाही. झेडसिंक आपल्याकडची कालची आयएसओ बघतं आणि जेवढे तुकडे बदललेत तेवढेच आणतं. मी पहिली आयएसओ कॉलेजच्या वायफायवर घेते आणि सुट्टीत गावी तिच्यावरच पुढचे बदल चढवत राहते. उतरवल्यावर एसएचए-२५६ चा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहणं अजिबात सोडू नका. तुटक नेटवर आलेली फाइल खराब असेल तर भलताच बग दिसतो आणि सगळ्यांचा वेळ जातो.

माझा मुख्य बग झोपेतून न उठणाऱ्या लॅपटॉपचा. झाकण लावलं, उघडलं, की पडदा काळा. आधीच्या आवृत्तीत हे होत नव्हतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे घरी सगळे म्हणाले उन्हानं होत असेल. मी पहाटे गारव्यात करून पाहिलं, तरी तेच. मग जुन्या कर्नलवर पाहिलं, तिथं व्यवस्थित. म्हणजे उन्हाचा संबंध नव्हता. जर्नलसीटीएल या कमांडला आधीच्या बूटचा लॉग (मशीननं ठेवलेली नोंद) मागितला, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची तक्रार होती. ते सगळं जोडून कळवलं. एका डेव्हलपरनं तपासण्यासाठी एक कर्नल बांधून दिलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक वेळी मी बसवायचं, झाकण लावायचं, उघडायचं, उत्तर द्यायचं. बदल नेमका कुठं घुसला ते असं अर्धं-अर्धं करत शोधतात. कॉलेजात बायनरी सर्च शिकले होते, तो खरा कळला या कामात.

एक सूचना: लाँचपॅडवर बग ‘इनकम्प्लीट’ केला, म्हणजे आपल्याकडून माहिती हवी आहे. ६० दिवस काहीच उत्तर दिलं नाही तर तो आपोआप बाद होतो. गावी नेट नसेल तर निदान ‘थांबा, देते’ एवढं तरी फोनवरून लिहून ठेवा.

ग्रामपंचायतीत ऑपरेटर, मेहकर तालुका

माझा अनुभव तितका चांगला नाही, पण लिहितो. कार्यालयातल्या कामाला अंगठ्याचं यंत्र लागतं. त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हर कंपनीनं दिलेलाच नाही. बीटा काय आणि पक्की आवृत्ती काय, तिथं गाडी अडते. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नाही. राग येतो, कारण बाकी सगळं चालतं. घरच्या मशीनवर डेबियन आहे. १२ पासून वायफायचं फर्मवेअर (वायफायची चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यासाठी २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं होतं. तेव्हापासून लॅनच्या वायरीविना बसवता येतं.

निवृत्त टेलिफोन कर्मचारी, साकोली

सगळ्यांचं वाचलं. मार्च २०२४ ची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, म्हणून मी सांगतो. तेव्हा माझ्या मशीनवर डेबियन सिड होतं.

एक्सझेड नावाचं फायली आवळण्याचं एक छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातलेलं होतं. घालणारा माणूस दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात काम करून विश्वास कमावत होता. ते दार एसएसएचपर्यंत (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) पोचत होतं, म्हणजे सर्व्हरवर बाहेरून हवं ते करता आलं असतं. सिड, डेबियन टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड या सगळ्यांत ते शिरलं होतं. पक्क्या डेबियनपर्यंत पोचायचं बाकी होतं.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. सिडवर काही मोजमाप करत असताना त्यांना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते तिथंच थांबले आणि मुळापर्यंत गेले. २९ मार्च २०२४ ला त्यांनी जाहीर केलं. उबुंटूनं २४.०४ ची पॅकेजं नव्यानं बांधली, आणि ४ एप्रिलचा बीटा ११ एप्रिलवर गेला.

माझ्या मशीनवर ५.६.१ होतंच. रात्री नेट बरं चालतं तेव्हा अपडेट केलं. डेबियननं त्याला दिलेला क्रमांक मी वहीत उतरवून ठेवला आहे: ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे नाव नवीन, आत जुनं, चांगलं. क्रमांक मागं नेता येत नाही म्हणून हा तोडगा. माझं एसएसएच बाहेरून उघडं नव्हतं, तरी सगळे पासवर्ड बदलले.

तेव्हापासून नवख्यांना दोन गोष्टी सांगतो. ज्या मशीनवर बँकेचं काम करता तिच्यावर बीटा नको, जुनं मशीन वेगळं ठेवा. आणि काही ‘जरासं हळू’ वाटलं तर ते किती हळू आहे ते मोजा आणि लिहून कळवा. अकोटच्या भाऊ, तुमचा अर्ध्या कर्नलचा बग त्याच मोलाचा आहे.

धागाकर्ता, कारंजा

काका, आभार. ताईंची शब्दांची फाइल मी माझ्या तपासणीच्या पेन ड्राइव्हवर घालतोय. त्याच पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय या साधनानं उबुंटू, डेबियन, फेडोरा तिन्ही ठेवलेत, हवं ते निवडून बूट करता येतं. कारंज्याला कोणी आलं तर दुकानात या, कॉपी करून देतो. चिखलदरा, धारणीकडचं अजून कोणी लिहिलेलं नाही. तिकडं नेट कसं आहे, सौर ऊर्जेवर कोणी मशीन चालवतं का, आणि तिथं अपडेट करताना काय होतं, ते वाचायचं आहे.