मॅग्नेशियम आणि लेप्टोची गोळी
मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणारे बरेच जण म्हणतात, 'जास्त झालेलं मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं, मग धोका कसला?' हे मूत्रपिंडं धड असतील तरच खरं. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसलेल्या माणसाच्या अंगात ते साठत जातं, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पण आपल्या कोकणात आणखी एक गोष्ट बघायला हवी. पावसात लावणीला चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून, कातडीच्या भेगांतून अंगात शिरणारा आजार) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ. मॅग्नेशियम या औषधाला पोटातच धरून ठेवतं, ते रक्तात नीट उतरतच नाही. आमचे बाबा रात्री पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम घ्यायचे, आणि दोन्ही गोळ्या जेवल्यावर एकाच घोटात! पायाला भेगा, दिवसभर गुडघाभर पाण्यात, आणि औषध अर्धवट. नंतर कळलं तेव्हा पोटात धस्स झालं. आता डॉक्सी सकाळी नाश्त्यानंतर, मॅग्नेशियम रात्री. निदान दोन-तीन तासांचं अंतर हवंच. जळजळीवरच्या पातळ औषधातही बहुतेक वेळा मॅग्नेशियम असतं, तेही यात धरा. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत तर चार तास सोडा.