गुलाबी नीलम: तापवलेला नाही हे कसं ओळखायचं?

प्रश्न: अंगठीसाठी प्रक्रिया न केलेला (म्हणजे रंग खुलवायला न तापवलेला) आणि सचोटीने मिळवलेला गुलाबी नीलम हवाय. विक्रेता 'नैसर्गिक' म्हणतो. तेवढं पुरे?

प्रतिसाद १: नाही. तापवलेला खडाही नैसर्गिक म्हणूनच विकतात. जीआयए किंवा एसएसईएफ या रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या अहवालात 'तापवल्याची लक्षणं नाहीत' असा स्पष्ट शेरा हवा. दहापट भिंगातून खड्याच्या आत रुटाइल या खनिजाच्या अखंड सुया दिसणं चांगली खूण; खूप तापवल्यावर त्या तुटतात. पण मादागास्करचे जांभळट खडे कमी तापमानावर तापवतात, तेव्हा सुया शाबूत राहतात. भिंगावर विसंबू नका.

प्रतिसाद २: अहवालात लिहिलेला खड्याचा मूळ देश हे प्रयोगशाळेचं मत, सचोटीचा दाखला नव्हे. खाण, पैलू पाडणारा, निर्यातदार अशी कागदांची साखळी मागा. श्रीलंकेत खाणकामाला सरकारी परवाना लागतो, तो विचारा.

प्रतिसाद ३: खडा दिवसाच्या उजेडातही बघा! पिवळ्या दिव्याखाली गुलाबी उगाच खुलतो.