युद्धनौका माझगावात बांधाव्यात की कालिनिनग्राडमध्ये?

उद्यमबागकर: 'आयएनएस तमाल' १ जुलै २०२५ रोजी रशियातील कालिनिनग्राड येथे नौदलात दाखल झाली, तेव्हा परदेशी गोदीत बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका असेल, असे सांगण्यात आले. हे धोरण टिकलेच पाहिजे. 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेच्या दुरुस्तीचा रशियाशी २००४ मध्ये ठरलेला सुमारे ९७ कोटी डॉलरचा खर्च पुढे २३५ कोटींवर गेला आणि २००८ मध्ये अपेक्षित असलेले जहाज २०१३ मध्ये हाती आले. अर्धवट खोललेले जहाज परक्या गोदीत पडलेले असताना मागेल ती किंमत मोजण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

निपाणीकर: विलंब काय फक्त परदेशातच होतो? माझगाव डॉकमधील 'कलवरी' पाणबुडी २०१२ ऐवजी २०१७ मध्ये दाखल झाली आणि कोचीच्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेला कणा बसवल्यापासून, म्हणजे बांधणी सुरू झाल्यापासून १३ वर्षे लागली. आपल्या बेळगाव भागातील फाउंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, काम मिळावे ही इच्छा रास्त असली, तरी नौदलाची गरज त्याआधी येते, आणि ते वेळापत्रक शत्रू भारताच्या सोयीने ठरवत नाही.

उद्यमबागकर: 'कलवरी'च्या विलंबाचे मूळही पाहावे. माझगावात 'शंकुल' पाणबुडी १९९४ मध्ये पूर्ण झाल्यावर पुढचे कामच मिळाले नाही. जर्मनांकडून शिकून आलेले वेल्डर पांगले आणि 'कलवरी'च्या २००५ च्या करारानंतर शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. चांगला मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा कारागीर, काम नसले की वर्षभरही थांबत नाही, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणालाही विचारावे. 'विक्रांत'साठी रशियाकडून पोलाद वेळेवर मिळेना, म्हणून डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी ते येथेच तयार केले. त्यात वेळ गेला खरा, पण ते पोलाद नंतरच्या नौकांनाही उपयोगी पडले.

खानापूरकर: आपण दोघेही सांगाड्यावरच भांडत आहात. 'तमाल' रशियात बांधली, पण तिला चालवणारी गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची, आणि ते दोन देश युद्धात! 'विक्रांत'ची टर्बाइनही मूळ अमेरिकी रचनेची आहेत. 'तमाल'च्याच जातीच्या दोन नौका चोर्ला घाटापलीकडे गोव्यात वास्कोत बांधल्या जात आहेत. त्यामुळे गोदी आपली झाली, इंजिनाचे परावलंबन मात्र सुटलेले नाही.

निपाणीकर: हे मान्य. मग देशी गोदीला काम देतानाही विलंबाचा दंड कराराप्रमाणे वसूल व्हावा. सरकारी गोदी म्हणून तो माफ होणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.