मदत हवी आहे: नक्षीदार छताचे थेट खालून छायाचित्र घेताना कॅमेरा समपातळीत कसा ठेवावा?

नमस्कार,

जुन्या वास्तूंमधील कोरीव आणि रंगवलेल्या छतांची छायाचित्रे मी घेतो. परंतु लेन्स सरळ वर रोखली की कॅमेरा छताला खरोखर समांतर आहे की नाही, हे ठरवण्याची खात्रीची रीत मला अद्याप गवसलेली नाही. कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक लेव्हल समोरच्या दृश्यासाठी उत्तम चालते, मात्र लेन्स वर वळताच तिची रेषा सैरभैर होते किंवा पडद्यावरून नाहीशीच होते. ते स्वाभाविकही आहे, कारण गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ती डावा-उजवा कल ओळखते आणि लेन्सचा अक्षच त्या दिशेत आला की ओळखण्याजोगे काही उरत नाही. (याच कारणाने चित्रे कधी आडवी, कधी उभी नोंदवली जात, 'ऑटो रोटेट' बंद केल्यावर तो ताप संपला.)

एखाद्या अंशाने काय बिघडते, असे कोणी विचारील. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स असताना लांब बाजूच्या दिशेने १ अंश कल राहिला, तर एका कडेला १००० पिक्सेलचा दिसणारा कप्पा समोरच्या कडेला सुमारे १०२६ पिक्सेलचा भरतो आणि चौकोनी कप्प्यांच्या छतात तो फरक लगेच डोळ्यांत खुपतो. सॉफ्टवेअरने तो दुरुस्त होतो, पण त्यात छताची किनार कापली जाते, आणि मला नेमकी तीच हवी असते.

सध्या मी ट्रायपॉडच्या बॉल हेडवर (गोळ्यावर हवे तसे वळणाऱ्या डोक्यावर) कॅमेरा त्याच्या बाजूच्या खाचेत आडवा करून लेन्सच्या तोंडावरील फिल्टरच्या कडीवर छोटी गोल, बुडबुड्याची पाणसळ ठेवतो. या कडीवर कितपत विसंबावे? शिवाय हेड घट्ट केल्यावरही कॅमेरा स्वतःच्या भाराने किंचित झुकतो, त्यावर उपाय काय? आणि छतच एका बाजूने खचलेले असेल, तर पाणसळीचे ऐकावे की छताचे?

प्रतिसाद १

कडीवर विसंबायला हरकत नाही, मात्र आधी पाणसळ पारखून घ्यावी. बुडबुडा मध्यावर आणून पाणसळ जागच्या जागी १८० अंश फिरवा. बुडबुडा हलला नाही तर पाणसळ खरी. सरकला, तर त्यातली अर्धी चूक पाणसळीची आणि अर्धी कॅमेऱ्याच्या कलाची. नंतर एक छायाचित्र घ्या, लेन्स वरच ठेवून कॅमेरा त्याच जागी १८० अंश फिरवून बसवा, बुडबुडा पुन्हा मध्यावर आणा आणि दुसरे घ्या. दोन्हींच्या मध्यबिंदूवर नक्षीतील तोच तपशील आला, तर कडी आणि सेन्सर समांतर आहेत. नाही तर त्या दोन तपशिलांच्या बरोबर मधला बिंदू कॅमेऱ्याच्या थेट वर आहे असे समजावे.

झुकण्यावर गिअर हेड (दातेरी चाकांनी थोडे थोडे वळवायचे ट्रायपॉडचे डोके) हा उपाय आहे, पण ते जड असते. मी तर कॅमेरा जमिनीवर बीन बॅगवर पाठीवर निजवतो, दृश्य फोनवर पाहतो आणि टायमरने चित्र घेतो. दीड मीटर खाली गेल्यामुळे २४ मिमी लेन्सला लांब बाजूने सव्वादोन मीटर अधिक छत मिळते, हा फायदा वेगळाच. झूम लेन्सची नळी मात्र वर रोखल्यावर आपोआप खाली घसरू शकते, तेव्हा तिला चिकटपट्टी लावून ठेवा.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सपाट छत असेल तर छताचे ऐकावे: पडद्यावरील जाळीच्या रेषा समोरासमोरच्या किनारींशी जुळवाव्यात, मग बुडबुडा किंचित सरकला तरी चालेल. घुमटाकार छतात, विशेषतः मध्यभागी कोरीव लोलक खाली उतरलेला असेल तेथे, पाणसळच प्रमाण मानावी, कारण तेथे कलापेक्षा जागा चुकण्याचा धोका मोठा असतो. कॅमेरा मध्यापासून हातभर जरी बाजूला असला, तरी लोलकाच्या एका बाजूची वलये त्याच्याआड जातात आणि झाकला गेलेला भाग कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

म्हणून बुडबुडा मध्यावर आल्यावर लोलकाचे टोक चित्राच्या मध्यात नसेल, तर कॅमेरा कलवू नका, जमिनीवरून सरकवा. आठ मीटर उंचीच्या छताखाली १ अंश कलवणे म्हणजे मध्यबिंदू सुमारे १४ सेंटीमीटर हलवणे. तेवढेच अंतर कॅमेरा सरकवला तर मध्य साधतो आणि समांतरताही बिघडत नाही.