मदत हवी आहे: सीआयएन २ म्हणजे कॅन्सर का? (अर्जंट)

काजवा_२७: गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आत्ताच व्हॉट्सॲपवर आला. 'सीआयएन २, क्रॉनिक सर्व्हिसायटिस' लिहिलंय. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला. गूगल केलं आणि हातपाय गार पडले. फक्त हो की नाही ते सांगा.

उंबरठा: नाही. गर्भाशयमुखाच्या वरच्या अस्तरातल्या पेशी बदलल्यात, खालच्या दोन तृतीयांश जाडीपर्यंत. तळाचा पडदा ओलांडून आत शिरल्या तरच कॅन्सर म्हणतात. सर्व्हिसायटिस म्हणजे सूज, ती अनेकींच्या रिपोर्टात असते. पण रिपोर्ट तुमचाच ना? वय?

मीठभाकर: माझ्या जावेनं सरळ पिशवी काढून टाकली. कटकट मिटली.

उंबरठा: अहो, सीआयएन २ ला पिशवी कशाला काढायची? काहीही सल्ले!

मीठभाकर: अनुभव सांगितला हो. राग कसला?

काजवा_२७: माझाच आहे. भांडू नका ना. पी१६ पॉझिटिव्हपण लिहिलंय, हे जास्त वाईट का?

स्लाइडमास्तर: मी पॅथॉलॉजीत आहे. पी१६ हे पेशीतलं एक प्रथिन. ते पॉझिटिव्ह म्हणजे बदल एचपीव्ही या विषाणूमुळे आहे आणि खरा पूर्वकर्करोगी आहे, नुसत्या सुजेचा नाही. तरी कॅन्सर नव्हेच. वय आणि मूल हवंय का, ते सांगा. उपचार त्यावर ठरतात.

गुळवेल_प्रेमी: एकवीस दिवस काढा घ्या, सगळं साफ.

स्लाइडमास्तर: काढा प्या, पण तपासणी चुकवू नका.

चिंचेचं_झाड: विषय निघालाच आहे तर, मुलगी १३ ची आहे, सिरमची एचपीव्हीविरोधी लस किती डोस?

उंबरठा: १४ पर्यंत दोन, पुढे तीन. पण झालेला बदल लशीनं जात नाही, म्हणून हा वेगळा धागा काढा.

काजवा_२७: नावातच आहे, २७. मूल अजून नाही. एचपीव्ही म्हणजे नवऱ्यानं आणला का?

स्लाइडमास्तर: सांगता येत नाही, विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो. त्यावरून घरात वाद नको. सीआयएन २ पैकी साधारण निम्मे दोन वर्षांत आपोआप मावळतात. मूल हवं असेल तर दर सहा महिन्यांनी कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी, करून वाट पाहता येते. नाहीतर लीप, म्हणजे विजेच्या तारेच्या कड्यानं, तेवढा भाग काढतात. त्यानंतरच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीची शक्यता थोडी वाढते. मात्र वाट पाहायची तर ईसीसी, म्हणजे आतल्या नळीचा खरवडलेला नमुना, स्वच्छ हवा. तो केलाय का?

काजवा_२७: तिसऱ्या पानावर 'डिस्प्लासिया नाही', म्हणजे पेशींत बदल नाही, असं आहे, तेच का?

उंबरठा: तिसरं पान आहे?! अहो, आधी सांगायचं ना.