फटाक्यांचं बंधन कुठं हवं, दुकानात की अंगणात?

शहापूरकर
भाचा जर्मनीत शिकतो, त्याच्याकडून कळलं म्हणून विषय काढतोय. तिथं रॉकेट, मोठ्या आवाजाचे बार हा माल सामान्य माणसाला 29 ते 31 डिसेंबर एवढाच काळ मिळतो, तोही 18 वर्षं पूर्ण असतील तरच. ब्रिटनमध्ये बारमाही परवाना नसलेल्या दुकानदाराला ऑक्टोबर-नोव्हेंबरातले काही आठवडे, डिसेंबरचा शेवट, दिवाळी आणि चिनी नववर्ष एवढ्यातच विक्री करता येते.
आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं 2018 साली सगळं सांगून ठेवलंय: फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषणाचे फटाके, बेरियमची रसायनं नकोत, माळा नकोत, दिवाळीला रात्री 8 ते 10. तरी गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत आठवीतल्या पोरानं हजाराची माळ आणून लावली. विकणाऱ्यानं वयही विचारलं नाही. मध्यरात्री पोलीस कुणाकुणाच्या गच्चीवर चढणार? दुकानातच धरा. माल मिळाला नाही तर वाजेल काय?

निपाणीचा स्टॉलवाला
दुकानदाराला धरा म्हणणं सोपं आहे. मी दरवर्षी तात्पुरता परवाना काढतो. न पेटणारं शेड, दोन शेडांत 3 मीटर अंतर, शेडं समोरासमोर नकोत, एका जागी 50 पेक्षा जास्त दुकानं नकोत, उघडा दिवा नको. 2023 ला बेंगळुरूजवळ अत्तिबेलेत गोदाम पेटून माणसं गेली, तेव्हापासून तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी. पण आणखी आवळलंत तर गिऱ्हाईक कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला जाईल. अमेरिकेत हेच चालतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात घरगुती फुलबाजीसुद्धा बेकायदा, आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये उघड विक्री. लोक गाडी काढून जातात आणि डिकी भरून येतात. हद्दीवरच्या गावात एकट्या दुकानदाराला बांधून काय मिळणार?

शहापूरकर
ही तुलना इथं लागू होत नाही. तिकडं दोन राज्यांचे कायदे वेगळे आहेत. आपल्याकडं कोर्टाचा आदेश कागललाही तोच आणि निपाणीलाही तोच. फरक पडतो तो अंमलबजावणीत. कागलमध्ये माळ मिळते म्हणून निपाणीत विकू द्या, हे मला पटत नाही.

खानापूरची लेक
तुम्ही दोघं दुकानावरच अडलाय. मला घड्याळाबद्दल बोलायचंय.
आपली दिवाळी रात्री आठला सुरू होत नाही. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, पायाखाली कारेट फोडायचं आणि मग अंगणात पहिला फटाका. माझ्या आजीच्या घरी गल्लीत पहिला बार कुणाचा, यावर पोरं चारलाच उठून बसायची. आता ती पहाट नियमाबाहेर गेली. तमिळनाडूतही दिवाळी पहाटेचीच. तिथलं सरकार 2018 ला कोर्टात गेलं. कोर्टानं दिवसाचे दोन तास कायम ठेवले, पण वेळ बदलायला मुभा दिली. मग त्यांनी सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी 7 ते 8 अशी विभागणी केली. ब्रिटनचा कायदा तर दिवाळीचं नाव घेऊन त्या रात्री एकपर्यंत सूट देतो. आपण सीमाभागातले मराठी लोक बोर्डांच्या भाषेवर भांडतो, मग या एका तासासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे साधा अर्जसुद्धा का करत नाही? तास वाढवून नकोत, दोनाचे तोडून द्या.

चिकोडीचा ऊसवाला
ताई, पहाटेची ओढ समजते. पण तुमचं अंगण गल्लीतलं आहे आणि माझं घर मळ्यात. दिवाळीला ऊस तोडणीला आलेला असतो, खालचा पाचट वाळलेला असतो, घरामागं कडब्याची गंजी. एकदा रॉकेट गंजीवर पडलं. आम्ही घागरींनी पाणी ओतत होतो, तोवर निम्मी गेली. रॉकेट कुणी सोडलं ते आजवर कळलं नाही.
नेदरलँड्सनं काय केलं बघा की. 2000 साली तिथल्या एन्स्खेडे शहरात फटाक्यांचं गोदाम फुटलं, 23 माणसं मेली. पुढं 2020 ला रॉकेट सामान्य माणसाला बंद केलं, आणि 2025 ला घरगुती फटाक्यांवर बंदीचाच कायदा केला. मी सगळं बंद करा म्हणत नाही. पोरांच्या हातून भुईनळे, भुईचक्रं काढून घेऊ नका. पण जे हवेत जातं आणि कुठं पडेल याचा भरवसा नाही, ते दुकानात नकोच.

खानापूरची लेक
रॉकेटचं मान्य. पहाटेच्या तासासाठी मला ते लागतही नाही. आमच्या अंगणात लवंगी आणि भुईनळाच असायचा.

निपाणीचा स्टॉलवाला
रॉकेट काढलं तर माझा बराच गल्ला जातो, हे खरं सांगतो. एकट्या स्टॉलनं काढून उपयोग नाही, शेजारचा विकेलच. मैदानातल्या सगळ्या स्टॉलना एकच अट घाला, परवान्यावरच लिहा, मी पहिली सही करतो. बरोबर मोठं माणूस नसेल तर सुतळी बॉम्ब द्यायचा नाही, एवढं मात्र यंदापासून माझ्याकडून.

शहापूरकर
परवाने कधी निघतात? त्याआधी अर्ज गेला पाहिजे. ताई, पहाटेचा मुद्दा त्यातच घालू. मसुदा तुम्ही करा, कन्नडमध्ये मी करून देतो.